ओवाळायला तीच हवी

बाबा,

काल नात मला सिनेमाला घेऊन गेली. बायको गेलेला एक गृहस्थ पुन्हा प्रेमात पडतो, फुलं घेऊन भलत्याच दारात उभा राहतो, लोक पोट धरून हसतात. मीही हसले आणि मग डोळे पुसत बसले. "आजी, रडतेस काय, कॉमेडी आहे ही!" नात म्हणाली. तिला काय सांगू? असला नायक मी फार आधी लालबागच्या चाळीत पाहिलाय, आणि तो गिरणीतून आला की आधी खानावळीत डोकवायचा.

आई जाऊन काही वर्षं झाली होती. मी शाळेत शिकवत होते, दोघांपुरता स्वयंपाक करत होते आणि बाबांना एकटं टाकून लग्न करणार नाही, असं सगळ्यांना बजावून बसले होते. तुम्ही मात्र जेवायला तळमजल्यावरच्या खानावळीत. खानावळ असते बायको गावाला ठेवून आलेल्या गड्यांसाठी. घरात चूल आणि हाताशी लेक असलेला माणूस तिथे रोज पाटावर बसतो म्हटल्यावर चाळ गप्प बसते थोडीच? "पोरीला त्रास नको," असं तुम्ही सांगायचात. खानावळ चालवणारी ती मालवणकडची विधवा बाई वाढताना तुमच्याकडे बघायची नाही, आणि तुम्ही ताटातून मान वर करायचा नाहीत. दोन वर्षं हेच. मला तुमच्या प्रेमाचा राग कधीच आला नाही, भित्रेपणाचा मात्र खूप यायचा.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले आणि चाळीचाळींतून सत्याग्रहाच्या तुकड्या निघू लागल्या. जाणाऱ्यांना सुवासिनी ओवाळायच्या. सभेत कायम मागच्या रांगेत उभे राहणारे तुम्ही, एका सकाळी पंचा आणि दंतमंजन पिशवीत भरून, गळ्यात हार घालून चाळीच्या दारात उभे. बायका ताट घेऊन पुढे येतायत. तुम्ही हातानेच त्यांना थांबवता आणि मागे खांबाआड उभ्या असलेल्या तिला म्हणता, "येवा हयसर. माका तुमीच ओवाळूक व्हया." वरच्या मजल्यावरची म्हातारी कठड्यावरून ओरडली, "अरे, तिका कसा चालात? तिचो घोव गेलेलो आसा!" तुम्ही मान वर केलीत. "दोन वर्सां तिच्या हातचा जेवतंय. जेवलेला चलता, मगे ओवाळलेला कित्याक नाय?" मी पुढे होऊन ताट घेतलं आणि तिच्या हातात दिलं. तुमच्या कपाळाला तिने कुंकू इतकं भरभरून लावलं की ते नाकापर्यंत ओघळलं. तसंच मिरवत तुम्ही निघालात. मला तुमचा फार अभिमान वाटला, बाबा.

आणि एवढ्या थाटात निरोप घेतलेले तुम्ही संध्याकाळी परत! तुरुंगात जागा नाही म्हणून पोलिसांनी वडाळ्याच्या मिठागरांपाशी नेऊन सोडून दिलेलं. हार सुकलेला, पाय चिखलाने भरलेले, आणि घरी न येता सरळ खानावळीत. मी तिथेच कांदे चिरत बसले होते, कारण दिवसभर चाळीचे टोमणे तिने एकटीने ऐकावेत हे मला बरं वाटेना. तुम्हाला बघून तिने पदर तोंडाला लावला, तरी हसू काही आवरेना. "सुटलात इतक्यात?"

"तुरुंगात जागा नाय म्हणतत," तुम्ही म्हणालात. मग जमिनीकडे बघत, "तुमच्याकडे आसा काय?"

तिचं हसू थांबलं. तिने आमटीत पळी फिरवली. मग माझ्याकडे बघत तुम्हाला म्हणाली, "चेडवाक इचारलात?" चेडू म्हणजे लेक, म्हणजे मी. मी तुम्हाला तोंडसुद्धा उघडू दिलं नाही. हो म्हणून मोकळी झाले.

कालच्या सिनेमातली मुलगी बापाने पुन्हा लग्न करू नये म्हणून अर्धा वेळ रुसून बसते. तुम्ही तर पुढे जन्मभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिलात, "माज्या चेडवान मन मोठा केल्यान." मी आपली मान खाली घालून ऐकायचे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा सांगून टाकते. नायगावच्या मास्तरांना, म्हणजे पुढे जे तुमचे जावई झाले त्यांना, तुमच्यापायी मी दोनदा नाही म्हटलं होतं. ते तिसऱ्यांदा विचारतील की नाही, या धास्तीने मला झोप नव्हती. मन मोठं वगैरे काही नव्हतं, बाबा. मलाही लग्न करायचं होतं.