हाताकडे बघून पास

बाबा, तुमच्यावर माझा संशय आहे आणि तो इतक्या वर्षांनी लिहून काढतेय. मानपाड्याच्या कारखान्यात तुम्ही जन्मभर पॉवर प्रेसवर पत्रा कापलात. तिचा दणका गेटबाहेरच्या टपरीवरही जाणवायचा, ग्लासातला चहा हलायचा. कानात घालायला बोळे मिळायचे, पण ते घातले की पत्रा नीट बसल्याचं आवाजावरून कळत नाही म्हणून ते तुमच्या खिशातच असायचे. घरी टीव्हीच्या आवाजावरून भांडण झालं की तुम्ही म्हणायचात, "माझे कान ठणठणीत आहेत. कंपनी दरवर्षी तपासते, पास आहे मी!"

रिटायर झाल्यावर दाराची बेलही ऐकू येईना, तेव्हा मी तुम्हाला बळेच वर्तकनगरच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. अजून दिसतंय मला. काचेपलीकडे तुम्ही हेडफोन लावून बसला आहात, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. डॉक्टरीणबाई नॉब फिरवतात, तुम्ही दाबता, अगदी वेळेवर. मला हायसं वाटलं. मग त्यांनी नॉब नुसताच फिरवला, आवाज सोडलाच नाही. तरी तुम्ही बटण दाबलंत. त्या आत जाऊन मोठ्याने म्हणाल्या, "काका, तुम्ही ऐकत नाही आहात, माझा हात बघताय." तुम्ही हसलात आणि चपला शोधू लागलात.

परत येताना रिक्षात तुम्ही सगळं सांगितलंत, ड्रायव्हरने आरशातून बघावं एवढ्या मोठ्याने. कंपनीच्या तपासणीत नापास झालेल्याला प्रेसवरून काढून झाडलोटीला लावायचे, ओव्हरटाइम बंद. म्हणून सगळेच कान तपासणाऱ्या नर्सबाईंच्या हाताकडे बघायचे. "बाई भली होती गं. हात दिसेल असाच ठेवायची." मला तेव्हाच खटकलेलं. एवढा भलेपणा, दरवर्षी, आणि तोही कंपनीच्या मेडिकलमध्ये?

तुम्ही गेलात तरी ते डोक्यातून जाईना. शेवटी यंदा पत्ता काढत आंबिवलीला त्या नर्सबाईंच्या घरी गेले. त्या आता थकल्यात, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. तुमचं नाव लगेच ओळखलं. मी सरळच विचारलं, "तुम्ही हात का दिसू द्यायचात?" आधी त्यांनी चहा टाकला. मग म्हणाल्या, "साहेबांनी टेबल तसंच मांडायला लावलेलं. कुणी बहिरा निघाला की भरपाईची भानगड. कामगारांना वाटायचं, मी त्यांच्यासाठी करते. मीपण वाटू दिलं."

"बाबांनाही तसंच वाटायचं," मी म्हटलं.

"तुझ्या बाबांना? छे गं. एका वर्षी त्यांनी स्वतःच खुर्ची भिंतीकडे वळवली. म्हणाले, बाई, आज खरं काय ते कळू दे. मी तपासलं आणि जवळ जाऊन सांगितलं, काम सोडा, नाहीतर उरलेलंही जाईल. त्यांनी खुर्ची परत माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, आता नेहमीसारखं घ्या."

म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं. रिक्षात मला सांगितलंत ते अर्धंच. मी आईला यातलं काही बोलले नाही. तुम्ही खुर्ची वळवलीत ते वर्ष नर्सबाईंना नक्की आठवत होतं, त्या सांगायलाही निघालेल्या. मी मध्येच त्यांच्या गुडघ्यांचं विचारलं. ते माझ्या कॉलेजच्या फीचं वर्ष निघालं असतं, बाबा, असा माझा संशय आहे. मला ते ऐकायचं नव्हतं.