मापाचा ब्लाउज

गुरुवार, २२ जानेवारी. सायंकाळी ६.५०. कळंब, दुकानात काजं करत होतो.

तेरहून सविताचा भाऊ आला. लग्नातले ब्लाउज मीच शिवणार, म्हणून तिनं मापाचा ब्लाउज पाठवला होता. तो त्यानं परत मागितला. सोयरीक मोडली, हे वेगळं सांगावं लागलं नाही.

"माझी चूक काय?" मी विचारलं.

"दाजी," म्हणाला आणि थांबला. "रविवारी फोनवर तासभर हसवलंत तिला. सोमवारी ती आत्यासंगं इथं आली, तर तुम्ही मान वर केली न्हाय. ती म्हणती, माणूस लई चांगला हाय, पण सकाळी कोणता उठंल ते कळत न्हाय."

सोमवारी काय झालं होतं? काहीच नाही. उठल्यापासून मन आंबलं होतं, एवढंच. आत्यांनी पाणी मागितलं, तेही तिनंच माठातून घेऊन दिलं. पाणी तरी मी द्यायचं.

ब्लाउजला इस्त्री केली, कागदात बांधून दिला. तो गेला.

आणि आता लिहिताना उगाच हलकं वाटतंय. पाणी तरी द्यायचं होतं. या घडीला फोन केला, तर मी तिला पुन्हा हसवीन. खरंच हसवीन. म्हणूनच फोन बंद करून ठेवला आहे.