कम्फर्टेबलचे तुकडे

३ मार्च
ही बहिणीकडे जाऊन आज बारा दिवस. कारण मला पक्कं ठाऊक आहे. हिच्या ऑफिसच्या पार्टीत मी साहेबांना म्हणालो, खुर्ची 'कम-फोर्ट-टेबल' आहे. सगळे हसले. ही हसली नाही.
संकल्प: महिन्याभरात उच्चार सुधारणे, हिला घरी आणणे.

४ मार्च
खालच्या मजल्यावरच्या इंग्रजीच्या रिटायर्ड बाईंकडे शिकवणी लावली. म्हणाल्या, हनुवटीखाली हात धरा. शब्द म्हणताना हनुवटी जितक्यांदा खाली येईल तितके सिलॅबल. शब्दाचे तितके तुकडे पाडा, उच्चारही सुधारेल, स्पेलिंगही. एवढंच? मग महिना कशाला, पंधरा दिवस पुरे.

७ मार्च
फॅक्टरीत बाटल्यांची झाकणं तपासताना सराव. लेट-टर. हॅप-पन. हनुवटीला हात बघून फोरमनने विचारलं, दाढ दुखतेय का? हो म्हणालो. समजावत कोण बसणार.

११ मार्च, सकाळी
हिला फोन. 'व्हेज-ट-बल' तीन तुकड्यांत म्हणून दाखवलं. पूर्वी मी चार पाडायचो. ही बराच वेळ गप्प. भारावली असावी. मग म्हणाली, तुला मला काही विचारायचं नाही का? विचारलं: वेन्सडेचे तुकडे किती?
फोन कट. रेंजचा प्रॉब्लेम.

१५ मार्च
मेहुणी हिचे कपडे न्यायला आली. म्हणाली, भावोजी, तिला तुमच्या इंग्रजीचं काही नाही. पार्टीच्या आदल्या दिवशी ती तुम्हाला म्हणाली होती, या घरात मी एकटी पडलेय. तुम्ही 'हं' म्हणालात आणि टीव्हीचा आवाज वाढवलात.
मला आठवत नाही. मॅच असेल.
स्वेटर मात्र इथेच राहिलाय. म्हणजे थंडीच्या आत येणार.

२२ मार्च
वकिलाचं पाकीट. सेपरेशनचा मसुदा. दोनदा वाचला. दुसऱ्या पानावर चूक सापडली! सेप-अ-रे-शन. 'पी'नंतर 'ए' हवा, त्यांनी 'ई' टाईप केलाय. लाल पेनाने गोल करून परत पाठवला. चुकीच्या कागदावर सही कशी करणार? चार दिवस तरी जातील.
बाईंना सांगितलं. बरोबर ओळखलंत, म्हणाल्या. मग काही शिकवलं नाही. नुसता चहा दिला.

२६ मार्च
दुरुस्त कागद घेऊन ती स्वतःच आली. बसली नाही. मी सगळा मोठ्याने वाचला, एकदाही अडखळलो नाही. छान वाचतोस आता, म्हणाली. आणि पेन पुढे केलं.
मी विचारलं, तू कशी आहेस?
खिडकीकडे बघत म्हणाली, आता नको विचारूस.
कागद परत पहिल्यापासून तपासला. एकही चूक नव्हती.
सही केली.