कमळातलं मुंडकं

७ जानेवारी १९३५
स्टेशनामागच्या पडीत तंबू लागलेत. वर पाटी, 'अद्भुत परीस्तान'. गावच्या कमिटीच्या सेक्रेटरीची चिठ्ठी आली की हे शाळेच्या पोरांना दाखवायच्या लायकीचं आहे का, गुरुजींनी पाहून अभिप्राय द्यावा. तीस वर्षं मास्तरकी केली, त्याचं हे फळ. अख्ख्या नांदुऱ्यात दुसरा रिकामटेकडा सापडला नाही.
सौ. म्हणते, "जा ना वो, तेवढंच हसान." काय हसान!

८ जाने.
पाहिलं. दारावर पुठ्ठ्याच्या दोन पऱ्या. एकीला रंगाखालून मिशा दिसतात. आधी कुठला तरी राजा असणार, त्यालाच पंख चिकटवले.
'उडते घोडे' म्हणजे सहा लाकडी घोडे, एकाचा पाय दोरीनं बांधलेला. दोन गडी ढकलतात न् घोडे कुरकुरत फिरतात. आमचा तालुक्याचा वकील, एवढा मोठा माणूस, पगडी धरून त्यावर बसलेला! 'परीचा पाळणा' वर गेला की बाया देवाचं नाव घेतात, खाली आला की पुन्हा तिकीट काढतात. 'क्षीरसागर' म्हणजे हौदात चुन्याचं पाणी, त्यात एक बदक. बदकाचा चेहरा तेवढा शहाण्याचा वाटला.
'राक्षसाची गुहा' तरटाची. आत काजळी फासलेला एक इसम ओरडायचं सोडून शिंकत होता. मी विचारलं, "औषध घेतलं का?" म्हणतो, "हाव जी, काढा घेतला."
'कमळपरी'च्या तंबूपुढं फार रेटारेटी, ती पाहायची राहिली. घरी येऊन अभिप्राय लिहिला : खेळ निर्बुद्ध, पोरांची डोकी बिघडवणारा, तंबू ताबडतोब उठवावेत. सही ठोकली. बरं वाटलं.

९ जाने.
कमिटीनं मालकाला शनिवारपर्यंत जागा सोडायला सांगितलं. माझ्या एका कागदावर! चला, कुठं तरी वजन आहे आपलं.
न पाहताच लिहिलं असं कोणी म्हणू नये म्हणून कमळपरी पाहून आलो. तीन पायांचं मेज, त्यावर कागदी कमळ, कमळात बाईचं नुसतं मुंडकं. चंदेरी रंग फासलेलं. मेजाखाली सगळं रिकामं. मेजाच्या पायांत तिरपे आरसे बसवलेत, बाजूचा पडदा त्यांत दिसतो, धड मागं लपतं. हे शेंबड्या पोरालाही कळावं. पण लोक हात जोडून! कोणी हरवलेली म्हैस विचारतो, कोणी सरकीचा भाव. मुंडकं फटाफट उत्तरं देतं.
पोल उघडी करावी म्हणून मी उठलो. म्हटलं, "तेरा औटं किती?" साडेतीनची पट. भल्याभल्यांची बोबडी वळते.
मुंडक्यानं डोळे मिटले. हळूच म्हणालं, "तेर त्रिक एकोणचाळीस, वर साडेसहा. साडेपंचेचाळीस."
ही वरच्या साडेसहाची पायरी माझी आहे. कुठल्या पुस्तकात नाही. माझ्या वर्गात शिकलेलंच पोर असं मोडून सांगतं.
नीट पाहिलं. चंद्री. आमच्या शेजारच्या सखाराम मापाऱ्याची लेक.

१० जाने.
डोळ्याला डोळा नाही.
चंद्रीला सोनाळ्यास दिली होती. दोन वर्षांपूर्वी ऐन कापूसवेचणीत सासर सोडून निघून गेली. सखारामनं तिच्या नावानं आंघोळ केली, बायकोलाही करायला लावली. त्या घरात आता तिचं नाव घ्यायची सोय नाही.
सकाळी तंबूमागं गेलो. चुलीपाशी बसून चहा फुंकत होती. धड, हात, पाय, सगळं जागच्या जागी.
"गुरुजी, लय म्हतारे झाले तुम्ही."
म्हटलं, "लाज नाही वाटत? काऊन करतं हे सोंग?"
"पोट हाय ना जी. अन् इथं मुंडक्याले लोक इचारतात तरी. सोनाळ्यात धड राबे, मुंडक्याले कोनी इचारे नाई."
मी चुलीतलं लाकूड उगाच आत सारलं. मास्तर म्हणे!
मालक कासमभाई, बऱ्हाणपूरकडचा, म्हणाला, "बेटीसारखी ठेवली हाय साहेब. शनिवारी निघतो. वऱ्हाडात परत येनं नाई." ते माझ्या सहीमुळं, हे त्याला माहीत नसावं. की असावं?
निघताना चंद्री म्हणाली, "बाले सांगू नका. माय येत असन तं..."
हीच पोर चौथीत पहिली आली तेव्हा सखाराम विचारायला आला होता, खामगावला धाडू का पुढं? मी म्हटलं होतं, पोरीच्या जातीला चौथी रग्गड. वर ऐटीत चष्मा पुसला होता. गाढव लेकाचा. मी.

११ जाने.
सौ.ला सांगितलं. ती तडक उठली न् चंद्रीच्या मायला, गोदाबाईला परसात गाठून म्हणाली, "चंद्री आलीय, परीस्तानात हाय." गोदाबाई भिंत धरून खाली बसली. रडलीच नाही. "हे कापसाच्या जीनात कामाले गेले की जाऊ" एवढंच म्हणाली.

१२ जाने., शनिवार
दुपारचा शेवटचा खेळ. सौ. आणि गोदाबाई बायांत, मी मागं उभा. पडदा सरला. कमळात मुंडकं.
गोदाबाई ताडकन उठली. "माह्या पोरीचं आंग कुठी हाय?"
लोक हसले. मला आधी कळेचना. मग कळलं. आरशाचं मी तिला सांगितलंच नव्हतं! सौ.लाही नाही. एवढं कोणालाही कळतं म्हणून.
ती माणसं तुडवत पुढं गेली. मेजाखाली हात घातला, हात काचेवर आपटला. "आंग कापलं वो माह्या लेकीचं! गुरुजी, आंग कुठी हाय?" असा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.
चंद्री ओरडली, "माय, हाय मी, सगळी हाय!" आणि कमळ फाडून, आरसा ढकलून, खाली उतरली. सगळ्या नांदुऱ्यादेखत. काच फुटली. कोणी बोंबललं, "परीले पाय हायेत बे! पैसे वापस द्या!"
गोदाबाईनं तिचे पाय चाचपले. गुडघे, पोटऱ्या, पावलं. पुन्हा पुन्हा.
तो वकील दात काढून हसत होता. आयुष्यात पहिल्यांदा एका वकिलाला गप बस म्हणालो. बसला.

१३ जाने.
तंबू गेले. कासमभाई म्हणाला, आता सगळ्यांनी पाहिली, ही परी चालायची नाही. फुटलेल्या काचेचे पैसे मागितले नाहीत.
दोघी मायलेकी रात्रीपासून आमच्या स्वयंपाकघरात.
दहाच्या सुमाराला सखाराम आला. उंबऱ्याच्या आत येईना. "गुरुजी, मी फक्त गोदीले न्याले आलो."
मी म्हटलं, "खामगावला धाडू नको असं मीच म्हटलं होतं. काय बोलायचं ते आधी मला बोल." तो उंबऱ्याकडं बघत राहिला. बोलला असता तर बरं झालं असतं.
आतून गोदाबाईचा आवाज : "दोघी येऊ. नाई तं कोनीच नाई."
तो पायरीवर टेकला. दुपार झाली. सौ.नं चहा नेऊन ठेवला. घेतला नाही. गेलाही नाही. हे लिहितोय तोवर बसलाच आहे.