रावजींच्या गाडीला जाळ कोणी लावला

महाड,
दि. १२ मार्च १९८७, गुरुवार

चि. महिपतभावोजी यांस,

ललितावहिनीचा आशीर्वाद. समर्थकृपेने इकडे ठीक आहे. मंजुळाचा खोकला थांबला का? पाकीट तुमचंच उलटं करून चिकटवलं आहे. चांगला कागद टाकवत नाही.

तुम्ही पाठवलेली रिमोटची गाडी मंगळवारी पोचली. तुमच्या शेठची शर्यतीची परदेशी गाडी, मोटरचे चार स्क्रू ढिले पडू नयेत म्हणून लाल चिकट औषध लावून बसवलेले, मुंबईत कोणाला निघेनात, दादालाच जमेल, असं तुम्ही लिहिलंत. ह्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि भाताच्या गिरणीत पावत्या लिहायला निघून गेले. पाच वर्षं झाली, ह्यांनी सोल्डरिंग आयर्न हातात धरलेलं नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे.

मग ते पत्र मी वाचलं.

काल दुपारी रावजींना तुडीलहून बोलावून घेतलं. हो, तेच रावजी. कुवेतहून आणलेली त्यांची अशीच रिमोटची गाडी आपल्या दुरुस्तीच्या दुकानात वितळली आणि त्यांनी भर पेठेत ह्यांना 'भाजक्या हाताचा' म्हटलं. ओट्यावर पाय ठेवताच म्हणाले, "श्रीपतच्या घरात परत गाडी? वहिनी, पाण्याची बादली भरून ठेवलीय ना?"

मी म्हटलं, "बसा. आधी बघा, मग बोला."

मी गाडीची बॅटरी काढून लांब ठेवली. थिनरची बाटली परसात नेली. खिडकी उघडली. स्क्रूशेजारच्या प्लॅस्टिकवर ओला फडका घट्ट पिळून गुंडाळला. मग आयर्नचं टोक नुसतं स्क्रूच्या डोक्यावर टेकवलं आणि तेरा अक्षरी जप धरला, दहा वेळा. हे असंच करायचे. तुम्ही हसायचात, "दादाच्या घड्याळात राम बसलाय." ताप आत उतरला की ते लाल औषध मऊ पडतं. मग डोक्यात नेमका बसणारा पाना, वरून दाब, आणि गरम आहे तोवर सावकाश फिरवायचं. नाही हलला तर जोर करायचा नाही, पुन्हा ताप द्यायचा. वहीत लिहून ठेवलं आहे: पहिला दहा जपांत, दुसरा सतरा.

तिसऱ्याला माझं आयर्न तिरकं पडू लागलं. हे गिरणीतून जेवायला आले होते, दारात उभे होते. "तसा नाय गो. उभा धर," म्हणाले. आणि माझ्या हातातून आयर्न घेतलं. तिसरा आणि चौथा ह्यांनी काढला. प्लॅस्टिकवर डागसुद्धा नाही.

रावजी बराच वेळ गाडी उलटीपालटी करून बघत होते. मग म्हणाले, "श्रीपत, तुला हे येत हाय. मग माझ्या गाडीला जाळ कोणी लावला?"

हे म्हणाले, "झालं ते झालं, रावजी."

भावोजी, गाडी जळली ती दासनवमी होती. आम्ही दोघं शिवथरच्या घळीत होतो. संध्याकाळच्या एस.टी.ने उतरलो तर दुकानातून जळका वास. तुम्ही कोपऱ्यात बसून रडत होतात. पोलादपूरला तुमची सोयरीक ठरत होती, म्हणून ह्यांनी रावजींना सांगितलं, माझ्या हातून झालं. मला म्हणाले, बोलू नको. मी बोलले नाही. दुकान मिटलं तरी बोलले नाही.

पण ह्या संक्रांतीला वाणाला गेले, तर तुमच्या सासूबाई आनंदीबाई चार बायकांत म्हणाल्या, "आमचे जावई सांगतात, दादाचा हात पहिल्यापासूनच कच्चा. सगळं दुकान आमच्या जावयांनीच चालवलं." मी तिळगूळ तोंडात धरून बसले.

म्हणून काल मी तुमचं पत्र रावजींसमोर उघडलं. "अगो, राहू दे," हे म्हणाले. लग्नाला बावीस वर्षं झाली, ह्यांचा शब्द पहिल्यांदाच मोडला. देवाला सांगेन मी त्याचं. मोठ्याने वाचलं: 'दादा, रावजीची गाडी मी स्टोव्हच्या जाळावर धरली तशी चूक आता करायची नाही, म्हणून ही तुझ्याकडे पाठवतो.' तुमचं अक्षर, खाली तुमची सही.

रावजी ह्यांच्या पुढ्यात खाली बसले आणि ह्यांचा उजवा हात दोन्ही हातांत धरून राहिले. हे रडले. मी नाही.

मला एवढ्यावर समाधान नाही. रावजींना कळलं, पेठेला कळलेलं नाही, आनंदीबाईंना तर नाहीच. गाडी पार्सलने येणार नाही. ती उघडी पडली आहे आणि स्क्रू माझ्या देव्हाऱ्यात आहेत. रविवारी शेठची शर्यत आहे ना? शनिवारी या. पोलादपूरहून सासूबाईंना बरोबर घ्या. पेठेत, जिथे ह्यांना भाजक्या हाताचा म्हटलं गेलं तिथेच उभे राहा आणि मोठ्याने सांगा. नाही आलात तर तुमचं पत्र सोमवारच्या टपालाने शेठकडे जाईल. पार्सलवर पाठवणाऱ्याचा म्हणून तुम्हीच शेठचा पत्ता लिहिला आहे.

रावजी स्टँडवर थांबतील. विचारत होते, महिपत आधी घरी जाईल का? मी म्हटलं, घरी नंतर. आधी पेठेत.

श्रीपत मिस्त्री यांची बायको,
ललिता