भिंतीवरची साखर

हवाना, ११ फेब्रुवारी

प्रिय दायामी,

दोन वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. कामाग्वेला टपाल उशिरा पोचतं, पण निदान ते मध्येच कुणी खाडकन तोडत नाही.

आधी बातमी. लस टोचलेल्या उंदरिणींच्या बावीस पिल्लांना जंतू टोचला, त्यातली एकोणीस जगली! तीन खेपा फुकट गेल्या होत्या, चौथी लागू पडली. क्लेब्सिएला नावाचा हा जंतू औषधं पचवायला शिकलाय खरा, पण अंगाभोवतीची भिंत टाकून त्याला जगता येत नाही. त्या भिंतीवरची साखर आम्ही सोडवून घेतो, धनुर्वाताच्या लशीतल्या प्रथिनाला जोडतो आणि टोचतो. गरोदर बाईला टोचली, तर बाळ पोटात असतानाच त्याला आईकडून पहारेकरी मिळतील. माणसांवर चाचणी अजून व्हायचीय, पण मला आता कुणी वेडी म्हणू शकत नाही.

म्हणत होते. आमचे संचालक फर्मीन गेल्या वर्षी म्हणाले, "मिग्दालिया, साठी आली तुझी. घरी बस, डॉमिनो खेळ." मी म्हटलं, "डॉमिनोत तुम्ही रोज हरता, त्यात मला काय मजा?" चिडून त्यांनी माझी दोन माणसं काढून घेतली. उरलो मी आणि ओस्मारा, आमची तंत्रज्ञ. वीज जायची तेव्हा आम्ही दोघी सायकलवरून आइस्क्रीमच्या दुकानातून बर्फ आणायचो. दुकानदार विचारायचा, "बाई, लस पेरूची की नारळाची?" ओस्मारा म्हणायची, "आधी ती टिकू दे, मग चव ठरव."

तुला हसू आलं नसेल. तुझा नोएल नऊ दिवसांचा होता. डॉक्टरांनी तिसरं औषध बदललं, तेव्हा तू माझा हात पिरगाळून म्हणालीस, "आई, तू जंतूंचीच डॉक्टर ना? कर की काहीतरी!" माझ्याकडे काहीही नव्हतं. तो गेला आणि त्याला पुरायच्या आधीच मी हवानाची बस पकडली. नंतर तू फोनवर म्हणालीस, "नातवाला मूठभर माती द्यायलाही तुला सवड नव्हती." खरं होतं ते.

पण बसमध्ये माझ्या मांडीवर एक डबा होता. नोएलच्या रक्तातून वाढवलेला जंतू मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेतून मागून घेतला होता. ज्यानं आपलं बाळ नेलं, तो वाटेत मरू नये म्हणून मी नऊ तास डबा छातीशी धरून बसले. ही लस त्याच्याच भिंतीची आहे. याची मला लाज वाटत नाही, दायामी. लाज वाटते ती तुला विचारलं नाही याची.

चाचणीच्या अर्जात एक रकाना आहे: नमुना कुटुंबाच्या संमतीनं घेतला काय? फर्मीन म्हणाले, "हो लिहून टाक, कोण बघतंय?" मी "नाही" लिहिलं आणि सगळं काम अडलं. म्हणून हे पत्र. सोबत संमतीचा कागद आहे. वाटलं तर सही कर, नाहीतर फाडून टाक. फाडलास, तर त्या जंतूची शेवटची बाटलीसुद्धा मी माझ्या हातानं भट्टीत जाळीन. मग दुसऱ्या इस्पितळात जाऊन, दुसऱ्या एखाद्या आईला आधी विचारून, पहिल्यापासून सुरू करीन. मी एकसष्ट वर्षांची आहे, थांबणार नाही. पण तुझ्या बाळाचं काहीही, तुला न विचारता, यापुढे वापरणार नाही.

उत्तर काहीही असो, त्याची वाट बघणारी, तुझीच
आई