दूध निवू दे

माय, आज सकाळी एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "हे तुले कोनं शिकवलं गा?" आणि मी पटकन बोलून गेलो, "कॉलेजात." एवढंसं खोटं. त्यानं कोणाचं काही बिघडलं नाही, म्हातारा चहा पिऊन गेलाही. पण मला दुपारचं जेवण गेलं नाही. संध्याकाळचं दूध यायला अजून वेळ आहे, दुकानाचं शटर अर्ध्यावर आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

मी अजून त्याच डेअरीत आहे, अकोल्यात, जठारपेठेतल्या. तू गेलीस त्याला सात वर्षं होतील. सकाळ-संध्याकाळ दूध तपासून घेतो. हा म्हातारा बार्शीटाकळीकडून नवाच यायला लागला आहे. धारा काढल्या की तसेच डबे मोटरसायकलला अडकवून निघतो. मी डब्याला हात लावला आणि म्हटलं, "काका, बसा. चहा घ्या. दूध निवू द्या." तो माझ्याकडे बघतच राहिला. "दुसरीकडं तर डिग्री टाकते अन् लगेच म्हनते पानी आहे. भांडून भांडून थकलो मी." मग मी त्याला समजावलं. ऊन दूध पसरतं, तेवढंच दूध जास्त जागा धरतं, म्हणजे हलकं होतं. हलक्या दुधाला काचेची डिग्री, डेअरीत जिला लॅक्टोमीटर म्हणतात, तोलून धरता येत नाही, ती खोल जाते आणि आकडा कमी लागतो. पाणी घातलेल्या दुधातही ती अशीच खोल जाते. त्यावर मी तुझंच वाक्य त्याला ऐकवलं: "काच मुकी असते काका. फक्त बुडते. काहून बुडली, हे आपल्याले इचारा लागते." म्हातारा हसला आणि त्यानं तो प्रश्न विचारला. वाक्य तुझं, आणि नाव मी कॉलेजाचं सांगितलं. ज्या कॉलेजाचं दुसरं वर्षही मी पुरं केलं नाही.

हिवरखेडची आपली समोरची खोली मला आता वासावरून आठवते. धुतलेल्या डब्यांचा वास, ओल्या फरशीचा, आणि कोपऱ्यात उकळत ठेवलेल्या पाण्याचा. गावातलं दूध तिथे जमायचं आणि तू सातवी शिकलेली बाई त्या खोलीची मालकीण होतीस. उंच काचेची नळी, तिच्यात दूध, आणि त्यात ती डिग्री: खालच्या फुगीर पोटात शिशाचे छर्रे, वर बारीक मान, मानेवर आकडे. मी आठ वर्षांचा असताना तू पहिल्यांदा ती माझ्या हातात दिलीस. मी वरून सोडली. तू मनगट धरलंस. "सोडू नको. ठेव. दुधाले उचलू दे तिले." त्यानंतर कितीतरी दिवस मी शाळेतून आलो की नळीत पाणी घ्यायचो, मग मिठाचं पाणी, मग तेल, आणि ती प्रत्येकात वेगळी कुठे थांबते ते पाहायचो. तेलात ती सरळ तळाला गेली तेव्हा मी घाबरून ओरडलो. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "तेलाच्या अंगात जोर नाई बापू, म्हनून तर ते भाजीवर पोहते."

तू मारलं नाहीस कधी. पण एक बोलणं लक्षात आहे. मी बारा वर्षांचा असेन. एका डब्याचं झाकण उघडत नव्हतं. आदल्या दिवशी कोणीतरी तो उकळत्या पाण्याने धुतला आणि गरम असतानाच बंद केला. मी ओढलं, हिसकलं, मग वरवंटा घेऊन मारत सुटलो. डब्याला हा एवढा पोचा आला, झाकण जसंच्या तसं. तू आलीस, वरवंटा काढून घेतलास. "आतली वाफ निवली, आकसली. आता बाहेरची सारी हवा त्या झाकनावर बसली आहे. तू कितीक मारशील तिले?" आणि डब्यावर बाहेरून तांब्याभर ऊन पाणी ओतलंस. फुस्स झालं आणि झाकण तुझ्या दोन बोटांत आलं. "आतलं बाहेरचं सारखं झालं की उघडते. तुह्यासारखा बह्याड डोक्यानं नाई उघडत." तो पोचा तू कधी ठोकून सरळ केला नाहीस. डबा धुताना त्यात पाणी साचायचं आणि तू म्हणायचीस, "हा पाय, तुहा राग अजून वलाच आहे."

आता तिच्याबद्दल लिहितो. तुला मी हे कधी नीट सांगितलं नाही, तुला ते दुसऱ्यांकडून कळलं. आपल्यापासून दोन घरं सोडून ज्यांचं घर, ज्यांना तू भाऊ म्हणायचीस, त्यांची मुलगी. आम्ही दोघं अमरावतीला एकाच कॉलेजात, एकाच वर्गात. गावात असताना आम्ही चार शब्द बोललो नव्हतो. तिथे बोलायला लागलो. एकदा चहाच्या टपरीवर तिने पैज लावली. टपरीवाल्याच्या बादलीत एक संत्रं टाकलं, ते तरंगलं. मग तेच संत्रं सोललं. म्हणाली, "आता हलकं झालं ना? सांग, काय होईल?" मी म्हटलं, अजून वर येईल. टाकलं, तर सरळ बुडालं. ती एवढी हसली की टपरीवाला बादलीसाठी ओरडायचाही थांबला. "साल हवेनं भरलेली असते रे. तुझ्यासारखी. साल काढली की कळतं तू किती पाण्यात आहेस." मी त्या दिवशी ठरवूनच टाकलं. माझं सगळं असंच, एका बादलीवर ठरतं.

मी तिला लग्नाचं विचारलं तर ती म्हणाली, "बाबांना विचार, पण घाई नको करू." मी त्याच आठवड्यात गावी आलो, आणि तुला न सांगता थेट त्यांच्या शेतात गेलो. माय, ते वाईट बोलले नाहीत. मी कित्येक वर्षं लोकांना सांगत आलो की त्यांनी मला हाकललं. त्यांनी मोटर बंद केली, बांधावर बसायला सांगितलं आणि म्हणाले, "शिक्षन पुरं कर बापू. मंग तुह्या मायले घेऊन ये. तवा पाहू." यात नाही कुठे आहे? पण मला फक्त नाहीच ऐकू आलं. मी शिक्षणच सोडतो, मग पाहू कोण काय करते, असं म्हणत मी कॉलेज सोडलं. कोणावर सूड उगवला मी, मला अजून कळलेलं नाही. घरी येऊन बसलो. तू विचारलंस, "सुट्टी आहे का?" मी म्हटलं, हो. तीन आठवड्यांची सुट्टी तू मुकाट्याने मान्य केलीस.

मग तो दिवस. तुला ताप होता, तू आत निजली होतीस, आणि खोलीत मी. दारासमोर सात-आठ जण उभे. तिचे बाबा आले, डबा ठेवला आणि नेहमीसारखे ओट्यावर टेकले. त्यांचा गोठा एवढा जवळ की दूध यायचं तेव्हा त्याला फेस असायचा. त्यांना तूच सवय लावली होतीस, आधी ओट्यावर बसायचं, तंबाखू मळायची, मग डबा आत द्यायचा.

"काका, बसता कायले? आना डबा."

"निवू दे ना जरा. तुही माय—"

"माय निजली आहे. आज मी आहो."

मी डबा उचलला, नळी भरली, डिग्री सोडली. ठेवली नाही, सोडली. ती खाली गेली आणि पंचविसावर थांबली, निव्वळ दुधाच्या अठ्ठाविसाच्याही खाली. मी आकडा मोठ्याने वाचला. आणि वर म्हटलं, "काका, भैस लय पानी पेली का काय आज?" लोक हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "मोठ्या घरचे पोकळ वासे." काकांच्या हातातली तंबाखू तशीच राहिली, तोंडात गेली नाही. मी नळीतलं दूध त्यांच्या डब्यात परत ओतलं आणि डबा पायाने सरकवला. पायाने, माय.

तू घोंगडी गुंडाळून दारात आलीस. कोणाला काही न विचारता डब्याजवळ बसलीस, उलटा हात त्याला लावलास आणि माझ्याकडे पाहिलंस. मग लोकांना म्हणालीस, "कोनी जाऊ नका. हसून झालं ना? आता हेही पाहून जा." तू पुन्हा नळी भरलीस, माठातल्या पाण्याच्या बादलीत उभी केलीस, वरचा फेस बोटाने काढलास. सगळे उभे. नळी निवेपर्यंत मागचे मान उंचावून बादलीत पाहत होते. मग डिग्री ठेवलीस आणि वासेवाल्याला पुढे बोलावलंस. "तू वाच. तुहे डोये चांगले आहेत." तो वाकला. "एकोनतीस," म्हणाला, एकदम हळू. "जोरात." "एकोनतीस, वैनी." दूध निव्वळ होतं. सायही अशी जाड की तिने आकडा आणखी खालीच ओढला असेल. साय दुधाहून हलकी, म्हणून चांगल्या दुधावरही आळ यायला वेळ लागत नाही, हे तूच मला सांगितलं होतंस.

मग तू त्यांच्यापुढे हात जोडलेस. "पोराले ठाऊक नव्हतं, भाऊ. कालेजात दुधाचं कोठं शिकवते? घाई झाली त्याले." ते घाईने उठले, "वैनी, हात नका जोडू," म्हणाले. तू माझ्याकडे वळलीस, "तूही माफी माग." आणि मी, ज्याला आठव्या वर्षी तू काच हातात धरायला शिकवलंस, तो मी म्हणालो, "सातवी शिकलेल्या बाईनं मले फिजिक्स शिकवू नये."

तू म्हणालीस, "बरं." एवढंच. तापानं तुझे डोळे लाल होते. मग तू दाराकडे पाहून विचारलंस, "आना, आता कोनाचा नंबर आहे?"

दुपारच्या एसटीने मी अकोल्याला आलो. मला दुसरं काय येत होतं? दूधच येत होतं, म्हणून डेअरीत लागलो. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. ओरडली नाही, रडली नाही. फक्त विचारलं, "दूध ऊन होतं, तुला माहीत होतं ना?" मी म्हटलं, "नाही, खरंच नाही. घाईत झालं." तुझाच शब्द उचलला मी. ती थोडा वेळ थांबली, जशी तू नळी बादलीत ठेवून थांबली होतीस, आणि फोन ठेवला. तो शेवटचा. पुढे तिचं लग्न झालं, नागपूरकडे कुठेतरी असते म्हणे.

महिनाभराने माझे बाबा गावाहून आले. दुकानाबाहेरच उभे राहिले, खिशातून तुझ्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "मायनं देलं. म्हने, कामी पडंल." मी सोडून पाहिलं, तर आपल्या खोलीतला थर्मामीटर. तू तो स्वतः कधी वापरला नाहीस, तुझा उलटा हात पुरायचा. "अजून काही म्हनली?" मी विचारलं. "नाई. तू कवा येतं, एवढं इचारलं." मी म्हटलं, पाहतो. चार महिने पाहतच राहिलो, आणि मग मी आलो तेव्हा तुला अंगणात खाली ठेवलेलं होतं. माझ्याशेजारी कोण येऊन बसलं असेल सांग. तेच. तुझे भाऊ, हातात तांब्या. "बापू, पानी पे." मी त्यांच्या हातचं पाणी प्यालो, तांब्या परत दिला, आणि माफी न मागताच उठलो.

बाबा फोनवर सांगतात, भाऊ तुले इचारत होते, पोरगा कसा आहे. हे पत्र खरं म्हणजे त्यांच्या घरी जायला पाहिजे. ते हयात आहेत, घर मला ठाऊक आहे, स्टँडवर जाऊन मी दोनदा हिवरखेडची गाडी निघून जाताना पाहिली आहे. तुला लिहिणं सोपं, तू उलटून काही विचारणार नाहीस. हा कागद मी घडी करून त्या चिंधीतच ठेवणार आहे, थर्मामीटरसोबत. तो मी एकदाही दुधात घातलेला नाही. न कळणाऱ्या पोरासाठी तू तो पाठवलास, की कळून-सवरून वागणाऱ्या पोराला दाखवायला पाठवलास, हे मी सात वर्षं घोळवतो आहे, जसं काही उत्तर तुझ्याकडे होतं. उत्तर माझ्याकडेच होतं. त्या सकाळी मी डबा उचलला तेव्हा एक हात कडीला होता आणि एक बुडाखाली. डबा चांगला ऊन लागला होता, माय. मला थर्मामीटर लागत नव्हता.